नळीत रक्त बसताना

तुरीचे सोले काढणं, हे आमी दोघा नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम. मार्गशीर्षातली दुपार होती, ओट्यावर बसून शेंगा सोलत होतो. तिले दम लागे. चार शेंगा सोलल्या की हात थांबे, तोंड मात्र थांबत नव्हतं.

"अवो, अळी टाकली न सोल्यात! डोळे कुठी गहाण ठेवले?"

"तूच खाय मंग, मटण समजून."

हसली, अन् हसता हसता खोकत राह्यली. मंग म्हणाली, "बाबू संक्रांतीले येईन न?"

"येईन," म्हटलं, अन् उठून बैलाले पाणी दाखवाले गेलो. बैल आत्ताच पाणी प्यायला होता.

बाबू म्हणजे तिचा धाकला भाऊ, केनवडचा. माय लवकर गेली, तिनंच त्याले कडेवर वाढवलं. तो तिले बाई म्हणे. तो तिच्या भेटीले आला नाई, त्याचं कारण मी.

तिच्या फुप्फुसात कॅन्सरची गाठ होती. अकोल्याले छातीचा फोटो काढला तवा समजलं. वाशीमचा डॉक्टर दर खेपेले तिचं रक्त बारीक काचेच्या नळीत भरे, नळी उभी ठेवे, अन् तासाभरानं पाहे की रक्त किती खाली बसलं. त्या तासात माह्याच्यानं एका जागी बसवत नसे. बाहीर जाय, तंबाखू मळे, थुके, पुन्हा आत येऊन नळी पाहे.

दिवाळीच्या आधी एकदा पाह्यलं, तं लाल गाळ झरझर खाली गेलेला, वर पिवळसर नितळ पाणी. आमच्याकडे नाल्याच्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात. गाळ जितका लवकर बसंल, तितकं पाणी चांगलं. मले वाटलं, रक्त साफ झालं. डॉक्टरले विचारलंबी नाई. तिले सांगितलं, "रोग खाली बसला." तिनं लगेच माह्याकडून बाबूले पोस्टकार्ड लिहून घेतलं. तब्येत सुधरून राह्यली, सुगी सोडून येऊ नको, संक्रांतीले ये.

पुढच्या खेपेले मी डॉक्टरपुढं शहाणपणा केला, "रक्त चांगलं झालं न साहेब?" त्यानं तिले बाहीर बसवलं.

"अहो, उलटं आहे. रक्त जितकं झपाट्यानं खाली बसतं, तितकी आत सूज जास्त. नुसत्या नळीवरून मी सांगत नाही, वजनही उतरलंय त्यांचं. जवळच्या माणसांना भेटवून घ्या."

मी दुसरं कार्ड घेतलं. ते कोरंच खिशात मळलं. सुगीच्या दिवसांत भाऊ दारात उभा राह्यला असता, तं ती सगळं समजली असती. अन् तिच्या तोंडाकडे पाहाची हिंमत माह्यात नव्हती.

सोले काढले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. केनवडले निरोप जाऊन बाबू येईपर्यंत दिवस बुडला असता. गाव थांबलं नाई, दुपारीच अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलतभाऊ खबर घेऊन केनवडले निघत होता, मीबी उठलो. मरणाची खबर घरधनी नेत नाई आमच्यात.

"तू कायले येतं? सुतकात घरी बस."

"तू मेल्याचं सांगशीन. बाकीचं कोण सांगंन?"

त्याले मागं ठेवून पह्यल्या मोटरीनं मीच गेलो. बाबू खळ्यात ज्वारी उफणत होता. मले पाहून त्याच्या हातातलं सूप तसंच राह्यलं.

"भाऊजी, बाई?"

"काल गेली. तुले बोलवाले पाह्यजे होतं. मले माहीत होतं, म्या बोलावलं नाई."

"काहून?"

मी टोपी काढली, खळ्यातच बसलो, अन् पह्यल्यापासून सगळं सांगितलं.