शिट्टीची बहीण

कपबश्यांचा कारखाना बंद पडून एक पिढी उलटली, तरी त्या गावात पत्ता सांगताना लोक अजून ‘भट्टीच्या अलीकडे’ आणि ‘भट्टीच्या पलीकडे’ असंच सांगतात. सार्वजनिक वाचनालय भट्टीच्या अलीकडे. पुढे वाचनाची खोली, मागे पुस्तकांची, आणि मध्ये एक दार, जे ओल धरली की फुगतं आणि लाथ खाल्ल्याशिवाय उघडत नाही. ग्रंथपाल म्हणून तिथं कितीतरी वर्षं एकच बाई होत्या. त्यांना सगळं गाव नुसतं ‘बाई’ म्हणे. घड्याळं दुरुस्त करणारा त्यांचा नवरासुद्धा.

बाई चार वर्षांच्या होत्या तेव्हा एका सकाळी कारखान्याच्या मोठ्या भट्टीचं छत खाली आलं. आत सात माणसं होती, सातही गेली. त्यातले एक बाईंचे वडील. आईनं पुढे त्याच कारखान्यात कपांना कान चिकटवत मुलीला वाढवलं आणि त्या सकाळबद्दल मरेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मुलगी वाचनालयात नोकरीला लागली आणि इतरांना बोलतं करत बसली. आता त्यात काय संबंध, हे बाईंनी कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

वाचनालयात माणसं येईनाशी झाली तेव्हा ‘कार्यक्रम करा’ असा वरून हुकूम आला होता. बाईंनी सगळं करून पाहिलं. मुलांना गोष्टी सांगितल्या, म्हाताऱ्यांना मोबाइल शिकवला, शिवणकामाच्या मासिकांचं प्रदर्शन मांडलं. टिकला तो शनिवारचा आठवणींचा कार्यक्रम. संध्याकाळी घडीच्या खुर्च्या मांडायच्या, कोणीतरी गावातल्या जुन्या दिवसांबद्दल बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि बाईंनी ते ध्वनिमुद्रित करून ठेवायचं. त्यांचा नियम एकच होता, “जसं घडलं तसं सांगा. तिखटमीठ घरी ठेवून या.”

“मेलेल्या माणसांची खडान्‌खडा माहिती आहे तुला,” नवरा म्हणायचा, “जिवंत माणसानं चहा घेतला की नाही, तेवढं मात्र माहीत नसतं.”

वर्षातून एकदा, छत कोसळलं त्या तारखेला, कार्यक्रम भट्टीचा असायचा. त्या दिवशी खोलीत उभं राहायला जागा नसे. भिंतीवर सात चौकटी होत्या. सहा चौकटींत फोटो होते. सातव्या चौकटीत कोरा कागद आणि त्यावर बाईंच्या अक्षरात एक शब्द, ‘शिट्टी’.

शिट्टी म्हणजे कारखान्याच्या फाटकावर रोजंदारीनं घेतलेला एक पोरगेला हमाल. कुठून आला कोणाला ठाऊक नव्हतं. खरं नाव मुकादमालाही माहीत नव्हतं. काम करताना सतत शीळ घालायचा, म्हणून शिट्टी. तो गेल्यावर कोणी विचारायला आलं नाही, म्हणून कोणी शोधलंही नाही.

त्या दिवशी बोलायचे भट्टीवाले काका. ढिगारा उपसणाऱ्यांतले तेवढेच एक उरले होते. दरवर्षी ते तेच सांगत आणि दरवर्षी खोली तशीच स्तब्ध होई. “पहिला दिवसभर आतून शीळ ऐकू येत होती,” ते सांगत. “पोरगा जिवंत होता. पण वर सहा जणांची माणसं उभी. आमचा इथं आहे, आधी इथं खणा म्हणून रडतायत. त्याच्यासाठी रडणारं कोणी नव्हतं. आम्ही रडण्याच्या बाजूला खणत गेलो. संध्याकाळी शीळ थांबली. तो सगळ्यांच्या शेवटी निघाला.”

लोक डोळे पुसायचे. ‘शीळ थांबली’ इथं काका किती वेळ थांबतात, हेही आता सगळ्यांना पाठ झालं होतं.

बाईंना मात्र तो कोरा कागद डाचायचा. आपल्या आईला निदान कळलं तरी, त्यांना वाटे. आपला माणूस गेला, कुठं गेला, कसा गेला, ते कळलं. याच्या घरी कोणीतरी अजून दाराकडे बघत बसलं असेल. शिट्टीचं घर शोधायचा त्यांनी ध्यासच घेतला.

धागा मिळाला तो एका निवृत्त कंडक्टरकडून. मुलाकडे राहून कंटाळला आणि काठी टेकत गावात परत आला. एका शनिवारी तो जुन्या बसबद्दल बोलत होता. बोलता बोलता म्हणाला, “भट्टीवरचा एक पोरगा माझ्याकडे पुडकी द्यायचा. डागी माल, कपबश्या. शेवटच्या थांब्यावर बहिणीला द्या म्हणायचा. तिचं काज-बटणाचं दुकान होतं. एकदा निरोप दिला, पुढच्या महिन्यात बंदरावर जातोय, जहाजावर काम मिळतंय. मी सांगितलं तिला. मग तो दिसलाच नाही. म्हटलं, गेला असेल.”

“शीळ घालायचा का हो?” बाईंनी विचारलं.

“सारखा,” कंडक्टर म्हणाला. त्याची तेव्हाच दुसऱ्या मार्गावर बदली झाली होती. भट्टीचं ऐकलं होतं त्यानं, पण त्या पोराशी त्याचा संबंध जोडायचं कधी डोक्यात आलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात बाईंनी रजा टाकली आणि बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरल्या.

दुकान अजून होतं. एका बोळाच्या तोंडाशी, शिवणयंत्र आणि एक माणूस मावेल एवढं. यंत्रावर सत्तरी ओलांडलेली एक म्हातारी पुरुषी सदऱ्याला काजं करत होती. मान वर न करता म्हणाली, “उद्याशिवाय मिळणार नाही.”

“मावशी, मी कपडे घेऊन नाही आले. तुमच्या भावाबद्दल बोलायचं होतं.”

यंत्र थांबलं. “कुठं आहे तो?” म्हातारीनं विचारलं. आवाज कोरडा होता. “पैसे हवेत का त्याला? सांगा, बहीण मेली म्हणून.”

येताना बसमध्ये बाईंनी वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही कामाला येईना. म्हातारीनं सदरा बाजूला ठेवला, स्टुलावरची कापडं उचलून त्यांना बसायला जागा केली, आणि वैतागलेल्या माणसानं करावा तसा खळखळ आवाज करत चहा केला. कप पुढे आला. त्याच्या कडेला निळ्या फुलाचा ठसा दोनदा उठला होता, एकावर एक. असले डागी कप बाईंच्या घरातही होते. कपाचे कान आईच्या हातचे, ठसे दुसऱ्या कोणाच्या. आता शंकेला जागा उरली नाही.

“मावशी, तो बंदरावर गेलाच नाही,” बाई म्हणाल्या, आणि मग सगळं सांगितलं. कारखाना, भट्टी, ती सकाळ. आपले वडीलही त्यातच होते, हेही सांगितलं.

सगळं ऐकून म्हातारीनं विचारलं, “लगेच गेला का?”

इतकी वर्षं दर शनिवारी ‘जसं घडलं तसं सांगा’ म्हणणाऱ्या बाईंच्या तोंडून शब्द निघाला, “हो. लगेच. कोणाला काही कळलंच नाही.”

म्हातारीनं मान हलवली. मग ती बोलायला लागली, पण जणू समोर बाई नव्हत्याच. “आईच्या आजारपणात आला नाही. बाबा गेले तेव्हा आला नाही. माझं लग्न मोडलं तेव्हा वाटलं, आता तरी येईल. रोज शिव्या दिल्यात मी त्याला. सकाळी यंत्राला तेल घालताना पहिली शिवी त्याला. आमचा एकच फोटो होता सगळ्यांचा. आई गेली त्या दिवशी कात्री घेतली आणि त्याला त्यातून कापून काढला. चुलीत घातला. आई समाधानानं गेली. म्हणायची, तिकडं संसार असेल त्याचा, पोरंबाळं असतील, म्हणून जमत नसेल यायला. माझ्या रागालाही निदान काहीतरी धरायला होतं. आता मी काय करू? तुम्ही कशाला आलात?”

कळलेलं बरं, असं बाईंनी आयुष्यभर धरून ठेवलं होतं. त्या दुकानात, स्टुलावर बसून, ते त्यांना बोलून दाखवता येईना.

निघताना म्हातारीनं विचारलं, “त्या दिवशी तुमच्याकडे कार्यक्रम असतो म्हणालात. मी आले तर चालेल?”

बाईंना काकांचं ‘शीळ थांबली’ आठवलं. “या ना,” त्या म्हणाल्या.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यानं डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं. नेहमीसारखी थट्टा केली नाही. “काकांना सांगावं लागेल,” तो एवढंच म्हणाला.

भट्टीवाले काका ओट्यावर बसले होते. बाईंनी सगळं सांगितलं. काकांनी बराच वेळ गुडघ्यावरून हात फिरवला. “बाई, तुमचाच नियम आहे.”

“माहीत आहे, काका.”

“मी ते उगाच सांगत नाही दरवर्षी. सांगितलं की दोन-चार महिने झोप लागते मला. पण ती येणार म्हणजे... बघतो.”

त्या वर्षी खोली खच्चून भरली. शिट्टीची बहीण सापडली, ही बातमी गावभर झाली होती. ती आली ती इस्त्रीची साडी नेसून, हातात कापडी पिशवी घेऊन. बाईंनी तिला पुढच्या रांगेत बसवलं. भिंतीवरच्या सातव्या चौकटीकडे तिनं एकदा पाहिलं आणि विचारलं, “शिट्टी म्हणायचे का त्याला?” मग स्वतःशीच म्हणाली, “घरी मार खायचा त्यावरून.”

काका उभे राहिले. छत कोसळल्याचा आवाज, धूळ, फाटकाकडे धावणारी माणसं, सगळं नेहमीसारखं सांगितलं. मग पहिल्या दिवसापाशी आले आणि अडले. त्यांचे ओठ हलत होते. खोलीतल्या एकूण एक माणसाला पुढचं वाक्य पाठ होतं, आणि कोणीही बोललं नाही. कंडक्टर काठीकडे बघत होता. काहींनी माना खाली घातल्या.

“मग,” काका म्हणाले, “मग आम्ही सगळ्यांना बाहेर काढलं.” आणि ते खाली बसले. शेजारच्यानं त्यांचा हात धरून ठेवला.

कार्यक्रम संपल्यावर बाई म्हातारीला सोडायला थांब्यापर्यंत गेल्या. बस यायला वेळ होता. दोघी बाकावर बसल्या.

“सगळे एकदम खाली का बघायला लागले?” म्हातारीनं विचारलं.

आता खोटं बोलायचं नाही, एवढं बाईंनी ठरवलं होतं. पण खरं सांगायला जीभ वळेना. तोंड उघडणार, तेवढ्यात म्हातारीनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

“नको. सांगू नका. मी पन्नास वर्षं लोकांचे कपडे नीट करतेय, उसवलेलं लपवलं की मला कळतं. पण आता माझं वय झालं. मला नाही पेलायचं ते. तुम्हाला माहीत आहे ना? मग असू दे तुमच्याकडे.”

बस आली. ती चढली आणि मागे न बघता आत जाऊन बसली.

काकांनी ती शिळेची गोष्ट पुन्हा कधी सांगितली नाही. त्यांच्या सुनेनं बाईंना नंतर सांगितलं, की त्यांची झोप पार गेली होती. पहाटे उठून ओट्यावर बसायचे. पुढच्या वर्षीचा भट्टीचा दिवस यायच्या आतच ते गेले. बाई त्यांना शेवटचं बघायला गेल्या. कोणी काही बोललं नाही, तरी काकांच्या झोपेचं ओझं आपल्याच माथी आहे, असं त्यांना वाटत राहिलं. शनिवारचे कार्यक्रम चालू राहिले. नियम मात्र बाईंनी पुन्हा कोणाला ऐकवला नाही. लोक काय सांगतील ते सांगत, बाई ध्वनिमुद्रण करत.

निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना एकदा त्या पुन्हा शेवटच्या थांब्यावर उतरल्या. कारण काही नव्हतं. म्हातारीनं त्यांना पाहिलं, स्टुलावरची कापडं उचलली आणि पुन्हा यंत्र चालू केलं. सदऱ्यांचा ढीग एका बाजूनं कमी होऊन दुसऱ्या बाजूला वाढत होता.

“तुमच्या वडिलांचं सांगा काहीतरी,” म्हातारी एकाएकी म्हणाली. “माझ्या माणसाचं ऐकून गेलात, तुमच्या माणसाचं काहीच बोलला नाहीत.”

“उंच होते,” बाई म्हणाल्या. “चालताना एक खांदा वाकडा ठेवायचे म्हणे. पत्ते चांगले खेळायचे, असं मुकादमाचा मुलगा सांगायचा. आईला हाक मारताना...”

“ते लोकांचं झालं. तुम्हाला काय आठवतं?”

बाईंनी आठवून पाहिलं. खांदा काकांनी सांगितला होता, पत्ते मुकादमाच्या मुलानं, हाक शेजारणीनं. तो चेहरा भिंतीवरच्या फोटोतला. त्या सगळं बाजूला सारत मागे मागे गेल्या, आणि तिथं कोणीच नव्हतं.

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “मला काही आठवत नाही, मावशी.”

हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. आणि मग पन्नाशी उलटून गेलेल्या त्या बाई, परक्या गावात, परक्या माणसांच्या सदऱ्यांच्या ढिगाशेजारी बसून रडायला लागल्या. लहान मूल रडतं तशा, आवाज काढून. बोळातून जाणारं कोणीतरी थबकलं आणि पुढे गेलं.

म्हातारीनं यंत्र थांबवलं, दुकानाचं दार लोटून घेतलं. समजूत काही घातली नाही. बाईंचं रडणं ओसरेपर्यंत ती सुईत दोरा ओवत बसली, आणि परतीची बस निघायची वेळ झाली तेव्हा म्हणाली, “बसा. दुसरी असते.”