आत्याच्या फियाटची मागची चाकं

आत्याची गाडी सरळ चालत होती, आणि मी ती दुरुस्त केली.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नाशिक रोडला एकटी राहते, वय बहात्तर, आणि तिची जुनी फियाट स्वतः चालवते. एका रविवारी मला काय अवदसा आठवली कोण जाणे! मोबाईलवर अलाइनमेंटचा, म्हणजे चाकं एका रेषेत आणायचा, व्हिडिओ पाहिला आणि गाडीच्या दोन्ही अंगांनी सुतळी ताणली. मागची चाकं पुढच्यांपेक्षा पेन्सिलभर आत!

"आत्या, मागची चाकं आऊट आहेत."

"अरे, सरळ तर जाते की!"

"तुला जाणवत नाही गं." (मला तरी कुठे जाणवत होतं? पण बायको बघत होती.)

मग गाडीखाली शिरलो, स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट सैल केले, मागची दोन चाकं जोडणारा एक्सल हातोड्यानं 'जागेवर' आणला आणि सगळं आवळून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दिंडोरीला माझ्या पुतणीचा साखरपुडा. आत्या चालवत होती, मी शेजारी. फियाट खेकड्यासारखी तिरकी! मागचा पिकअपवाला ओरडला, "आज्जी, तोंड कुठं अन् गाडी कुठं चाललीय?" मंगल कार्यालयात वळताना मागच्या चाकानं फुलांची कमान ओढली, ती थेट नवरदेवाच्या मामांच्या फेट्यावर!

"ताई, वय झालं आता," माझे वडील सगळ्यांदेखत म्हणाले. "किल्ली दे इकडे."

आत्यानं मला हळूच विचारलं, "खरंच हात हलतो का रे माझा?"

माझ्या तोंडात जिलबी होती. मी ती फार सावकाश चावली.

आत्यानं किल्ली दिली. तीन दिवस ती रिक्षानं भाजीला गेली. चौथ्या दिवशी मला राहवेना. वडिलांकडून किल्ली मागून गाडी शब्बीर मिस्त्रींकडे नेली. ते खाली वाकले आणि कपाळाला हात लावला.

"साहेब, या गाडीची मागची चाकं मुळातच थोडी आत असतात. एक्सल कुठल्या गाढवानं वाकडा केला?"

मी आजूबाजूला पाहिलं. दुसरं कुणीच नव्हतं.

मिस्त्रींनी एक्सल सरळ केल्यावर संध्याकाळी वडिलांना घेऊन आत्याकडे गेलो आणि सगळं कबूल केलं. वडिलांनी माझ्याकडून किल्ली घेऊन आत्याच्या हातात ठेवली. आत्या मात्र हसली नाही.

"चाकाचं जाऊ दे. तिथं का नाही बोललास?"

मी बादली उचलली आणि गाडी पुसायला घेतली.

आत्यानं मला माफ केलंय. गाडीला हात लावायची परवानगीसुद्धा आहे. फक्त हातात ओलं फडकं हवं!