खांदा तपासणारी काकू

काकू आमच्याच वयाची होती, पण मैदानावर पाऊल ठेवलं की आधी प्रत्येकीला विचारायची, "जेवलीस का?" म्हणून तिचं नाव काकू पडलं. फलटणला कॉलेजच्या बेसबॉल संघात मी पिचर होते, म्हणजे चेंडू फेकणारी, आणि ती कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवी बसून तो झेलणारी. लोक माझ्याकडे बघायचे. मी मात्र तिच्याकडे बघायचे, कारण कुठला चेंडू टाकायचा ते तीच बोटांनी खुणावून सांगायची.

रोज सरावाआधी ती मला हात खांद्याच्या रेषेत सरळ धरायला लावायची आणि मनगटावर भार देऊन खाली दाबायची. दिवाळीच्या सुमारास सीझन सुरू व्हायचा, तेव्हा ती लोंबकळली तरी माझा हात हलत नसे. पुढं सामन्यांवर सामने होत गेले की तोच हात हळूहळू खाली यायला लागायचा. "आज लय टाकू नको," ती म्हणायची, "खांदा दमलाय तुजा." मी दमले नाही म्हटलं तर म्हणायची, "तुला कोन इचारतंय? मी खांद्याला इचारलंय."

सराव संपला की ती स्टँडसमोरच्या रसवंतीत जायची. "आवं मामा, पोरीचा खांदा जळतोय, बर्फ द्या की." मामा कुरकुरत द्यायचे. रुमालात बांधलेला तो बर्फ ती माझ्या खांद्यावर दाबून धरायची, गार पाणी पाठीवरून कमरेपर्यंत जायचं आणि मी तिला शिव्या घालायचे. त्या तिला आवडायच्या, असं मला अजून वाटतं.

तिच्या अब्बांचं गाद्यांचं दुकान होतं. तिच्या ग्लोव्हची शिवण उसवली की ते कापूस भरून पुन्हा शिवून द्यायचे. माणूस प्रेमळ, पण त्यांनी सांगून ठेवलं होतं की यंदाचं वर्ष खेळ, मग लग्न. त्यामुळं राज्याच्या संघात जायची तिला ही एकच संधी होती.

निवडीचे सामने सांगलीला होते. शेवटच्या सामन्याच्या सकाळी तिनं नुसता हात ठेवला आणि माझा हात खाली आला. "सरांना सांगू नको," मी म्हटलं. ती पायांना पॅड बांधायला लागली. सामन्यात ती हळू चेंडूची खूण करत राहिली आणि मी मान हलवून नकार देत राहिले, कारण निवड समितीला मला वेग दाखवायचा होता. एक चेंडू तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच मातीत आपटला, तिनं तो छातीवर घेतला. मग ती उठली, तोंडावरची जाळी वर केली आणि माझ्यापर्यंत येऊन म्हणाली, "बॉल दे." मला वाटलं, दोन शब्द बोलून परत देईल. ती सरळ सरांकडे गेली, चेंडू त्यांच्या हातात ठेवला. "सर, हिला बसवा. खांदा गेलाय हिचा."

सरांनी मला बसवलं. खेळाडूनं असं परस्पर जागा सोडून जाणं समितीला आवडलं नाही. संघ जाहीर झाला त्यात माझं नाव नव्हतं, आणि तिचंही नव्हतं.

परतीच्या एसटीत मी रागानं रडत होते. "खांदा राह्यला तर फुडल्या वर्षी टाकशील की," ती म्हणाली.

"आणि तू?"

"माजं काय, उठाबशाच काढायच्या. घरी बी काढीन."

उन्हाळ्यात लग्न होऊन ती मिरजेला गेली. मी डॉक्टरांच्या सांगण्यावरून तो सगळा उन्हाळा चेंडूला हात न लावता काढला. पुढच्या सीझनला खांदा टिकला आणि माझी राज्याच्या संघात निवड झाली. तिची इतकी आठवण आली की आईच्या आधी तिलाच फोन लावला. ती खूप हसली, घरातल्यांना ओरडून सांगितलं.

"कॅचर कोन हाय गं?" तिनं विचारलं.

मी नाव सांगितलं.

"चांगली हाय का?"

"चांगली आहे," मी म्हणाले. ती होतीही चांगली. फक्त मला ती नको होती, काकू हवी होती, आणि हे फोनवर सांगून काही उपयोग नव्हता.

"मग तिचं ऐकत जा," काकू म्हणाली.