चि. बंड्याची ताटं

माझ्या घरात सहा ताटं अशी आहेत, ज्यांत आजवर कोणीही जेवलेलं नाही. ती मी नुसती बघायला आणली आहेत.

ताटं प्यूटरची आहेत. प्यूटर म्हणजे बरंचसं कथीलच. रंग ढगाळ, वजन दणदणीत आणि अंग इतकं मऊ की सुरीचा ओरखडासुद्धा जन्मभर राहतो. साहेबाच्या काळात विलायती कारागिरांनी हातोडीनं ठोकून घडवलेली ही ताटं मी कुठकुठल्या बंगल्यांच्या अडगळीतून आणि भंगाराच्या ढिगातून जमवली. (आमच्या हिच्या मते तिच्या सासरच्यांनी मलाही तिथूनच उचललं असावं.)

कोल्हापुरात जुन्या वस्तू जमवणाऱ्यांचं आमचं एक मंडळ आहे. तिथं गंजक्या कुलपांना मान होता, पण माझ्या ताटांना कुत्रं विचारत नव्हतं. यंदा मात्र प्रदर्शनातलं मधलं काचेचं कपाट मला मिळालं! त्यातून पुण्याचे एक मोठे जाणकार खास ताटं बघायला येणार होते. रिटायर झाल्यापासून मला एवढा भाव कोणी दिला नव्हता. मी नवा शर्ट शिवायला टाकला.

आणि शिरोळहून आक्का आली.

आक्का माझी थोरली बहीण. आई दिवसभर शेतात, त्यामुळे मला न्हाऊमाखू घालण्यापासून बडवण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. आल्या आल्या तिनं एक ताट उचललं.

"व्हय रं बंड्या, ही काळवंडलेली ताटं कशाला मांडून ठेवलीस?"

"आक्का, ती कथलाची हायेत. जुनी."

"म्हंजे अख्खं ताटच कल्हईचं? आणि ह्ये पाठीमागं काय?"

"कारागिराचा शिक्का. त्यालाच खरी किंमत. उद्या प्रदर्शनाला जाणार हायेत."

आक्काचा हात गळ्याकडे गेला. "घराभाईर? बिननावाची?"

"म्हणजे?"

"धाकल्या लेकीच्या लग्नात माझी परात गेली, ती अजून आली न्हाय! का? नाव न्हवतं म्हणून!"

मी हसलो आणि कटिंगला गेलो. हसायला नको होतं.

परत आलो तर ताटं आक्काच्या जुन्या लुगड्यात गाठ मारून तयार. "तशीच ने. वाटंत सोडू नकोस," आक्का म्हणाली. बहिणीची माया बघून मला भरूनच आलं. स्वयंपाकघरात एक नवी कोरी स्टीलची पळी दिसली, पण पळीवरून कोणी संशय घेतो का?

प्रदर्शनात मी ताटं कपाटात तोंडं वर करून मांडली आणि शर्टाची इस्त्री सांभाळत उभा राहिलो. जाणकार आले. त्यांनी भिंग काढलं, एक ताट हळूच पालथं केलं आणि श्वासच रोखला.

"पाटीलसाहेब! विलायती शिक्क्याशेजारी देवनागरी मजकूर!"

"काय सांगता!" मी म्हणालो.

ते वाचू लागले, "चि. बंड्या यास... आक्काकडून!"

जाणकारांनी भराभरा उरलेली ताटंही पालथी केली. सगळीकडे बंड्या!

"हा बंड्या कोण? इथला कारागीर होता का?"

"असावा," मी म्हणालो. (दुसरं काय म्हणणार?)

"संस्थानच्या काळातला?"

"त्याच्या जरा अलीकडचा."

मंडळी गोळा झाली. कुलूपवाले सेक्रेटरी मोबाइलवर फोटो काढू लागले. जाणकार बंड्याच्या कलेवर बोलू लागले आणि मीही मान डोलवू लागलो. तेवढ्यात दारातून ओळखीचा आवाज आला.

"कारागीर कुठला, पावणं! ह्यो काय, हुबा हाय की बंड्या!"

हिला घेऊन आक्का आली होती. तिनं सगळ्यांना समजावलं, "भांडी लोकांत द्यायची म्हंजे नाव नगं? एक पळी घेतली, तर दुकानदारानं साऱ्या ताटांवर फुकट घालून दिलं! लई मऊ हायेत म्हणाला, लोण्यावानी मशीन चाललं." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "आता न्हाय हरवत बघ तुझी ताटं."

मी ओरडणार होतो. पण तिचा चेहरा असा खुलला होता की मी नुसती मान डोलवली. माझी ताटं हरवू नयेत म्हणून काळजी करणारी ती जगातली एकटीच बाई होती.

जाणकार पोट धरून हसले. डोळे पुसत म्हणाले, "आक्का, ही हाताचीच घडण बरं का! ठोकून ठोकून केलेली."

"ह्योबी तसाच केलाय," आक्का माझ्या पाठीत थाप मारत म्हणाली, "पर अजून पोचं हायेतच!"

प्रदर्शन संपलं. सेक्रेटरींचं एक कुलूप गहाळ झालं, पण माझी सहाही ताटं सुखरूप घरी आली. हरवलं ते फक्त माझ्या आडनावापुढचं 'साहेब'. मंडळात आता मला सगळे बंड्याच म्हणतात. काय करणार, 'साहेब'वर नाव घालायचं राहून गेलं होतं!