गाळणीच्या आधी, गाळणीच्या नंतर

आमच्या गाळणीदादाला भुतानं झपाटलं होतं, असं मी म्हटलं की बायको डोळे वटारते. वटारू दे! तीन वर्षं, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मी त्या माणसासमोर खुर्चीला खिळून बसलोय. मला नाही कळणार तर कोणाला कळणार?

तीस वर्षं बस चालवली, एक गाडी रस्त्यात बंद पडू दिली नाही, आणि स्वतःच्याच किडन्या बसल्या. तेव्हापासून माझं रक्त नळीनं बाहेर येतं, वीतभर लांब गाळणीतून जातं आणि परत अंगात शिरतं. गाळताना रक्तातलं पाणी भरपूर ओढलं जातं, म्हणून स्वच्छ पाणी भरून द्यावं लागतं. ते गाळणीच्या आधी दिलं तर रक्त पातळ होऊन सुरळीत वाहतं, पण घाण कमी निघते. नंतर दिलं तर घाण छान निघते, पण गाळणीत रक्त घट्ट होतं आणि ती चोंदायची भीती. सगळी भानगड एवढीच.

हे यंत्र चालवणारा टेक्निशियन म्हणजे आमचा गाळणीदादा. पन्नाशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात छोटी बॅटरी. दर दहा मिनिटांनी बॅटरी लावून गाळणीत रक्त गोठल्याची काळी रेघ दिसते का बघायचा. सकाळी आला की आधी चार नंबरच्या खुर्चीसमोर मान खाली घालून उभा राहायचा. चार नंबर माझा.

"अहो दादा, मेलो नाही मी अजून!" मी म्हणायचो. सगळे हसायचे, हा सोडून.

गेल्या वर्षी माझ्या अंगाला खाज सुटली. साधी नाही, खाजवून खाजवून पाठ सोलून निघाली. झोप उडाली, जेवण जाईना. डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून म्हणाल्या, "घाण साचतेय. असंच चाललं तर हृदयाचं काही खरं नाही. पाणी नंतर देतोय, तरी असं कसं?"

मी चपापलो. नंतर? माझी पाण्याची नळी तर दर वेळी गाळणीच्या आधी जोडलेली असते, मी डोळ्यांनी बघतो. खुर्चीत बसल्याबरोबर दादाचा हात धरला.

"कागदावर नंतर आणि नळी आधी? माझ्या जिवाशी खेळताय होय?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं माझ्या खुर्चीच्या हातावर बोट ठेवलं.

"इथं एक शिवणकाम करणाऱ्या बाई बसायच्या," तो म्हणाला. "पाणी नंतर लावलं होतं. दाब चढला, अलार्म वाजला. मी बंद केला. म्हटलं, अजून दहा मिनिटं, तेवढीच जास्त घाण निघेल. गाळणी काळी पडली. नळ्यांतलं सगळं रक्त गोठलं, टाकून द्यावं लागलं. त्यांच्या अंगात आधीच रक्त नव्हतं हो. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, 'दादा, माझं रक्त परत द्या ना.' तिसऱ्या दिवशी गेल्या. अजून अलार्म वाजला की मला तेच ऐकू येतं."

वाईटही वाटलं, आणि रागही तेवढाच आला.

"मग त्यांचं भूत माझ्या मानेवर का बसवता? मी गेलो तर दोन होतील. लावा नंतर! नाहीतर आत्ता डॉक्टरीणबाईंना हाक मारतो."

त्यानं नळी नंतर लावली. मग स्टूल ओढून बसला आणि एक हात गाळणीवर ठेवला. चहा नाही, फोन नाही. तिसरा तास सरता सरता अलार्म वाजला. दादा उठला आणि तिथंच गोठला. डोळे उघडे, पण मला बघत नव्हते.

"दादा!" मी खेकसलो. "त्या नाहीत, मी आहे! बघा इकडे!"

तो दचकला. बॅटरी लावली, पाण्याचा वेग उतरवला, पुन्हा बॅटरी लावली. दाब हळूहळू खाली आला. गाळणी लालच राहिली.

चार तास भरल्यावर त्यानं सलाईन सोडून नळ्यांतलं रक्त परत माझ्या हातात ढकललं. लाल नळी गुलाबी झाली, गुलाबीची काचेसारखी स्वच्छ झाली. एरवी हे काम तो उभ्या उभ्या करायचा. आज वाकला, अगदी माझ्या हाताजवळ, आणि हळूच म्हणाला, "घ्या बाई. सगळं परत दिलं."

मी तोंडाळ माणूस. दुसरा कोणी मला बाई म्हणाला असता तर त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली असती.

"मिळालं हो दादा," मी म्हणालो.