चादरीखालचा हात

जोहराची आठवण मोहल्ल्याला दोन वेळा होते. गादीची खोळ फाटली की, आणि घरात बाई मेली की. खोळीसाठी लोक तिच्याशी घासाघीस करतात. मयताला गुस्ल, म्हणजे शेवटची आंघोळ, द्यायची असली की तेच लोक दारात खाली मान घालून उभे राहतात. रोशन गेटच्या मागच्या गल्लीत तीस वर्षं ती हे करत आली. सासूनं शिकवताना दोनच गोष्टी बजावल्या होत्या. एक, मयतावरची चादर कधी काढायची नाही. हाताला फडकं गुंडाळायचं आणि चादरीखालूनच धुवायचं. दुसरी, मयत धुवायच्या तख्त्यावर जे दिसलं ते तख्त्यावरच ठेवायचं. कुणाच्या पोटावर कसला व्रण होता, कुणाच्या दंडावर कुणाचं नाव गोंदलेलं होतं, सगळं जोहराच्या पोटात गेलं आणि तिथंच राहिलं.

म्हणून तर मॉलमधल्या थिएटरातून ती अर्ध्या सिनेमातून उठून बाहेर आली, ती संतापानंच.

सिनेमा मोनिकाचा होता. मोनिका सिडकोतल्या एका मास्तरांची मुलगी, पुण्यात सिनेमा शिकून आलेली. वर्षापूर्वी ती जोहराच्या घरी आली, चटईवर बसली, दोनदा चहा मागून प्यायली आणि म्हणाली, "आपा, गुस्ल कसं देतात ते आम्हाला शिकवा. खोटं दाखवायचं नाही मला." जोहराला बरं वाटलं. आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. शूटिंगच्या दिवशी नटी तख्त्यावर झोपली, जोहरानं चादर घातली, हात आत घातला आणि खांद्यापाशी आल्यावर तो आपोआप थांबला.

"काय झालं, आपा?" मोनिकानं विचारलं.

काय झालं ते जोहरानं सांगितलं. त्याच्या दोन वर्षं आधी याच हाताखाली उजमा होती. सिल्लोडची पोरगी, लग्नाला दीड वर्ष झालेलं. न्हाणीत पाय घसरला, असं सासरचे म्हणाले होते. पण घसरून पडलेल्या बाईच्या दंडावर चार बोटांचे वळ नसतात. मानेमागं नीळ नसते. जोहरानं ते पाहिलं, गिळलं आणि कफन बांधलं. सांगताना तिनं नाव घेतलं नाही, गावही सांगितलं नाही. पण ओठांवर कधी न आलेली गोष्ट आली ती आली.

आणि पडद्यावर काय? पडद्यावर ती चादर काढलेली. सात-आठ मिनिटं नटी उघडी पडलेली, दंडावर तेच चार बोटांचे वळ रंगवलेले, कॅमेरा तिच्यावरून माशीसारखा फिरतोय, आणि पुढच्या रांगेतला एक माणूस खुर्चीच्या कडेला येऊन बसलेला.

मोनिका मागोमाग बाहेर आली. "आपा, थांबा ना. शेवट तर बघा."

"चादर कुणी काढली?"

"तो सीन तसाच लागतो. लोकांना हादरा बसल्याशिवाय ते बघतच नाहीत. बातमी वाचतात आणि पोहे खातात. त्यांना पळता येऊ नये म्हणून तो एवढा लांबवलाय. कला म्हणजे नुसतं छान छान नसतं."

"हादरा तर शहागंजातला रिक्षावालाही देतो. त्याला तू कला म्हणतेस का?"

"तुम्हाला राग आलाय, मला समजतंय."

"तुला काही समजलेलं नाही. तू चादर काढलीस, लोकांनी अंग बघितलं. वळ कुणी बघितले? माझा हात थांबला होता, आठवतं? तुझी माणसं सगळी गप्प झाली होती. तो दिवेवालासुद्धा. कुणी काही दाखवलं होतं का त्यांना? नुसता चादरीखाली थांबलेला हात. तेवढा दाखवला असतास तर त्या माणसाला खुर्चीत मागं सरकावं लागलं असतं. तुला भरवसाच नाही, ना माझ्या हातावर, ना बघणाऱ्यावर."

मोनिकाचाही आवाज बदलला. "ठीक आहे. मी चुकले असेन. पण मी निदान उघडं केलं. तुम्ही तीन वर्षं काय केलंत, आपा? झाकलंत."

जोहरा रिक्षात बसली ती घरापर्यंत मनातल्या मनात तिला शिव्या देत होती. पण त्या शेवटच्या वाक्यापाशी येऊन प्रत्येक शिवी लंगडी व्हायची.

तिसऱ्या दिवशी जहांगीरसेठ आला. मोहल्ला कमिटीचा मोठा माणूस. उजमाचं लग्न त्यानंच जमवलं होतं आणि तिची मयत दुपारच्या आत उरकायची घाईही त्यानंच केली होती. तो एकटा नव्हता. सिल्लोडहून उजमाच्या आईला, निलोफरला, गाडीत घालून घेऊन आला होता. ती दाराजवळच बसली, हातातल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत.

"आपा, त्या सिनेमाचा तुकडा सगळ्या मोबाइलवर फिरतोय," जहांगीर म्हणाला. "गुस्लची थट्टा केली. आपल्या बायांची इज्जत काढली. तुम्ही शिकवायला गेला होता हेही लोकांना कळलंय. तख्त्यावरची ती उजमाच, असंही म्हणतात. आता एकच करा. मी मोबाइल धरतो, तुम्ही सांगा: हे सगळं झूठ आहे, असलं काही होत नाही. ह्या बहेनपण सांगतील. नाही सांगितलं तर कमिटी म्हणेल, दुसरी बाई बघू."

दुसरी बाई बघू. तीस वर्षांचं काम एका वाक्यात. जोहराला वाटलं, ह्याच्या तोंडावर पाण्याची बादली फेकावी. पोरीचे दंड पिळले तेव्हा इज्जत शाबूत होती, पडद्यावर नटी दिसली आणि गेली?

"धर मोबाइल," ती म्हणाली.

त्यानं धरला.

"मी जोहरा. मयताला गुस्ल देते. सिनेमात चादर काढलेली दाखवलीय, ते झूठ आहे. चादर आम्ही काढत नाही. ज्यानं काढली त्यानं वाईट केलं." ती थांबली. जहांगीर मान डोलावत होता. "दंडावरचे वळ खरे आहेत. मानेमागची नीळ खरी आहे. ते मी बघितलंय."

मोबाइल खाली आला. "आपा, काय बोलता? हे कशाला? मी पुसून टाकतो."

"पूस. मी परत बोलीन. ठाण्यात जाऊन बोलीन."

"मयताचा ऐब, काही उणं दिसलं तर, झाकायचा असतो. तुम्हीच सांगता सगळ्यांना."

"ऐब झाकायचा असतो. वळ तिचा ऐब नव्हता, जहांगीर. ज्याच्या हाताचे होते त्याचा होता. मला हे कळायला तीन वर्षं लागली, त्याची मला लाज आहे. तुला किती लागतील?"

तो उठला. दारातून "आजपासून तुमचं काम बंद" असं काहीतरी म्हणत गेला. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. निलोफरला त्यानं बोलावलं नाही आणि ती उठलीही नाही.

मग निलोफर बोलली. आवाज अगदी सरळ होता.

"मी पोचले तेव्हा कफन बांधलेलं होतं. तोंड तेवढं दाखवलं मला. तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता, आठवतंय? म्हणालात, सबर करा."

"व्हय."

"माझी पोरगी होती. आणि तुम्ही त्या सिनेमावालीला सांगितलं. मला नाय."

सासूनं शिकवलेली, जोहरा स्वतः म्हणत आलेली वाक्यं, त्यातलं एकही ह्या बाईसमोर उभं राहीना. मोनिकावरचा राग, जहांगीरवरचा राग, सगळा कुठल्या कुठं गेला. समोर बसलेल्या बाईचा तेवढा राहिला, आणि तो खरा होता.

ती उठली, खुंटीवरचा बुरखा काढला. "चला. आत्ता ठाण्यात जाऊ. मी लिहून देते."

"जाऊ," निलोफर म्हणाली. "आधी बसा. आधी मला सांगा. काय गाळू नका."

जोहरा तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि गुस्लला सुरुवात करते तशी उजमाच्या उजव्या हातापासून सांगायला लागली.