एका डबलबारीसाठी स्टिरिओ: कणकवली, सावंतवाडी, शिरोडा

स्टिरिओ आणायला घरातून निघालो तेव्हा स्टिरिओ म्हणजे नेमकं काय, हे आम्हा दोघांपैकी एकालाही सांगता आलं नसतं. दोघं म्हणजे मी, मालवणच्या शाळेत इतिहास शिकवणारी बाई, आणि माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ नानाकाका. ते भजनात झांज वाजवायचे. यंत्रांशी त्यांचा संबंध सायकलपुरता. ऐंशीच्या दशकाचा मध्य होता आणि शाळेला मे महिन्याची सुट्टी लागली होती. हल्ली माझे भाचे फोनवर बोट फिरवून चार दिवसांत घरी थिएटर उभं करतात. त्यांना हे सांगितलं की ते हसतात, म्हणून एकदाचं लिहूनच काढते.

बाबा भजनी बुवा. डबलबारी ज्यांनी ऐकली नाही त्यांच्यासाठी सांगते: देवळाच्या मांडवात दोन बुवा आपापली मंडळी घेऊन समोरासमोर बसतात. एकाने गाऊन टोला हाणायचा, दुसऱ्याने गाऊनच तो परतवायचा. बाबांच्या समोर बहुतेक वेळा कुडाळकडचे तात्याबुवा असायचे. मांडवात दोघं गाण्यातून एकमेकांचे कपडे उतरवायचे आणि उठल्यावर एकाच पानाच्या डब्यातून पान खायचे. आदल्या वर्षी जत्रेत त्यांची बारी झाली, महिन्याभरात तात्याबुवा हृदयविकाराने गेले, आणि बाबांनी पेटीवर कापड टाकलं ते काढलंच नाही. विचारलं तर एकच उत्तर, "आवाज गेलो माझो. त्या राती सपलो."

आम्हाला ते खोटं वाटायचं. त्या रात्री बाबा चांगले गायले होते असं सगळा गाव म्हणत होता. शिवाय पुरावाही होता. माझा मावसभाऊ दिनू बोटीवर नोकरीला. सुट्टीत आला होता तेव्हा त्याने ती बारी आपल्या जपानी डेकवर टेप केली होती. पण आमच्या घरच्या डबड्या टेपरेकॉर्डरवर ती कॅसेट लावली की झांजा, पखवाज, टाळ्या आणि दोन बुवा यांची पेज व्हायची. बाबांनी एकदाच ऐकली आणि म्हणाले, "ह्येच्यात मी खंय आसंय?" यावर दिनूचं म्हणणं, त्याने दोन्ही बुवांपुढे वेगवेगळे माइक ठेवले होते, तेव्हा स्टिरिओवर लावलं तर एका खोक्यातून बाबा येतील, दुसऱ्यातून तात्या. झालं. बाबांना त्यांचा आवाज स्वच्छ ऐकवायचा आणि पेटीवरचं कापड काढायचं, असा आमचा बेत ठरला. नवा जपानी सेट घ्यायचा तर माझा सहा-सात महिन्यांचा पगार गेला असता. म्हणून तुकड्या-तुकड्यांनी जमवायचं ठरलं.

पहिला मुक्काम कणकवली. सकाळच्या एसटीने कसालवरून गेलो. धूळ, घाम, आणि शेजारच्या बाईच्या टोपलीतल्या फणसाचा घमघमाट. स्टँडजवळ रेडिओ दुरुस्तीचं एक दुकान होतं, तिथे अँप्लिफायर जुळवून मिळतो असं कळलं होतं. दुकानदार माझ्याकडे न बघता काकांशी बोलू लागला.

"किती वॅटचा देऊ?"

काका म्हणाले, "चाळीसचो दी. आमच्या माजघरात चाळीसचोच बल्ब आसा."

दुकानदार हसला, पण त्याचंही काही खरं नव्हतं. आधी म्हणाला स्पीकर आठ ओहमचे घ्या. तेवढ्यात दारात उभा असलेला त्याचा मेव्हणा म्हणाला चारचे घ्या, आवाज दुप्पट येतो. त्यावर दोघांची जुंपली. मी वहीत आधी आठ लिहिलं, खोडून चार केलं, पुन्हा आठ. शेवटी त्याच्याकडे आठचेच होते म्हणून आठचे आले. दोन मोठे, दोन चिमुकले. मोठे ढोलासाठी आणि चिमुकले झांजेसाठी, असं त्याने सांगितलं. अँप्लिफायर दुपारपर्यंत थांबलात तर देतो म्हणाला, म्हणून आम्ही उसळपाव खाल्ला, चहा घेतला, पुन्हा चहा घेतला. ऊन कलल्यावर पत्र्याचा एक डबा हातात पडला. पैसे दिले तेव्हा मी काय विकत घेतलं ते मला कळलं नव्हतं. तुम्ही जाणार असाल तर एवढंच सांगेन, दुकानात एकाच माणसाला विचारा. दोघांना विचारलंत की संपलात.

सावंतवाडीला काकांच्या ओळखीच्या घरी राहिलो. गावातल्या खेळण्यांच्या दुकानांत लाकडी आंबे-केळ्यांच्या राशी होत्या. मला तिथेच रमायला आवडलं असतं. पण आम्हाला हवे होते स्पीकरचे खोके. काकांच्या ओळखीचे सुतार, बाळामेस्त्री, पाट-चौरंग करायचे. त्यांनी स्पीकर हातात घेऊन ताटासारखा उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, "ह्येका झाकण लागात काय?"

फणसाचं लाकूड ठरलं. झांजेचं भोक बाहेरच्या बाजूला हवं असं कणकवलीवाल्याने सांगितलं होतं, म्हणजे दोन खोके एकमेकांचे आरसे झाले. मग मेस्त्रींनी पेन्सिल कानामागून काढून विचारलं, "उजवो खंयचो?"

मी म्हटलं, आपण समोर बसलो की आपल्या उजव्या हाताला येईल तो. काकांनी मला हाताने गप्प केलं. "खुळी काय गो तू? कौल कसो बघतंत?"

आमच्याकडे काहीही करायचं तर देवाला कौल लावतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवीकडची पडली तर देव हो म्हणाला. पण उजवी म्हणजे देवाची उजवी. देव आपल्याकडे तोंड करून बसलेला, तेव्हा बघणाऱ्याच्या ती डाव्या हाताला येते. काकांचं म्हणणं, खोकाही आपल्याकडे तोंड करूनच बसणार, मग त्याला वेगळा न्याय कशाला? मेस्त्रींना ते तंतोतंत पटलं. मला पटत होतं आणि पटत नव्हतं. मी डोळे मिटून स्वतःला खोक्याच्या जागी बसवून पाहिलं, मग खोक्याला माझ्या जागी बसवलं, आणि माझा उजवा हात कुठला याचीच शंका यायला लागली. तोवर मेस्त्रींनी पाठीमागे 'उ' आणि 'डा' रंगवून टाकलं होतं. वर, पैसे न घेता, कडेने वेलबुट्टीही काढून दिली.

दुसऱ्या दिवशी शिरोड्याची एसटी. खोके टपावर चढवताना कंडक्टरने विचारलं, "मधमाश्यांचे काय?" काका म्हणाले, "भजनाचे." कंडक्टरने घंटी मारली.

शिरोड्याला दिनूचं घर माडांच्या बागेत, समुद्राच्या आवाजात. मावशीने बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी वाढली आणि आम्ही कशासाठी आलोय ते विसरून जेवलो. दिनूने नवा डेक आणला होता, म्हणून जुना मला घरच्या भावात दिला. मी तो तिथल्या तिथे भिंतीच्या प्लगमध्ये लावणार, एवढ्यात तो ओरडला, "थांब गो! जळात तो!" जपानातली वीज म्हणे आपल्या निम्मी. म्हणून मध्ये एक ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो विटेएवढा असून दगडी पाट्याएवढा जड. वीज निम्मी तर यंत्र दुप्पट नाजूक की निम्मं? दिनूने समजावलं, मी मान हलवली. त्या प्रवासात मी जेवढी मान हलवली तेवढी माझ्या वर्गातल्या पोरांनी वर्षभरात हलवली नसेल.

परत येताना वेंगुर्ला, कुडाळ असं करत आलो. डेक काकांच्या मांडीवर, ट्रान्सफॉर्मर माझ्या. कुडाळ स्टँडवर काका खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "हयसून तात्यांच्या घराक चलत जावक येता."

घरी माजघरात मांडामांड झाली. दोन भिंतींना दोन खोके समोरासमोर ठेवले, बारीसारखे. तारा मेस्त्रींच्या 'उ'-'डा'प्रमाणे जोडल्या. बाबांना बोलावलं. ते आले, दोन्ही खोके पाहिले आणि न सांगता एका खोक्यापाशी जाऊन बसले. जत्रेतल्या मांडवात ते देवाच्या ज्या हाताला बसले होते, तीच बाजू. मी कॅसेट लावली. आधी घूं असा आवाज, मग झांजा, आणि मग बाबांच्या पाठीमागच्या खोक्यातून तात्याबुवांचा खणखणीत आवाज उठला.

बाबा दचकून बाजूला सरकले. "तात्या माझ्या जाग्यार कित्याक बसलो?"

काका माझ्याकडे बघू लागले, मी काकांकडे; त्यांच्या कौलाने उजवं-डावं उलटं करून ठेवलं होतं. बाबा मात्र रागावले नव्हते. त्यांनी घाईघाईने खोक्यांची अदलाबदल करायला लावली. तात्या समोर गेले, बाबांचा आवाज बाबांच्या पाठीशी आला. आता तो स्वच्छ ऐकू येत होता. पाणीदार, चढा, कुठेही न थकलेला. मला वाटलं, झालं, जिंकलो. मी म्हटलं, "ऐकलात? खंय गेलो आवाज?"

बाबांनी हात वर केला. "माझो बंद कर."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. कणकवलीवाल्याने दोन्ही खोक्यांना आवाजाची वेगळी बटणं ठेवली होती, म्हणून नुसता एक खोका बंद करणं जमत होतं. पण ज्याच्यासाठी तीन गावं पालथी घातली, तोच बंद करायचा? मी काकांकडे पाहिलं. तेही गोंधळलेले.

"बाबा, तुमचोच तर ऐकवचो होतो."

"माझो आयकान काय करू? मी आसंय मां हय." समोरच्या खोक्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तो नाय."

मी बटण फिरवलं. समोरून तात्याबुवा गात राहिले. त्यांनी टोला हाणला, शेवटची ओळ झाडली आणि थांबले. पुढे टेपवर बाबांची पाळी होती. तिथे आता फक्त लांबून आल्यासारखी झांज होती. बाबांनी पेटीवरचं कापड ओढून काढलं आणि त्या रिकाम्या जागेत गायला लागले. वर्षभर न वापरलेला आवाज घोगरा निघाला, दुसऱ्या ओळीला अडकला, मग सुटला. काका धावत झांजा घेऊन आले. स्वयंपाकघराच्या दारात आई पदर तोंडाला लावून उभी होती. मला हसू आणि रडू एकदमच आलं. वर्षभर आम्ही आवाजाची काळजी करत होतो आणि हा माणूस समोर कोणी नाही म्हणून गप्प बसला होता.

त्यानंतर बाबांनी डबलबारी केली नाही. पण दुपारच्या चहानंतर माजघरात तात्यांशी बारी व्हायची, कितीतरी वर्षं. काही जबाब बाबा बदलायचे, नवे रचायचे. तात्या बिचारे रोज तेच गायचे आणि रोज हरायचे. एकदा बाबा म्हणाले, "तात्याक आता जरा जिकूक देवक व्हया," आणि मुद्दाम एक ओळ विसरले.

लोक विचारतात, एवढ्या खटाटोपाचं चीज झालं का? मला अजून नीट सांगता येत नाही. ओहम म्हणजे काय ते आजही माहीत नाही. ज्यासाठी गेलो होतो ते तर झालंच नाही. बाबांनी स्वतःचा आवाज त्या दिवशी काही क्षण ऐकला तेवढाच. त्यांचं बटण बंदच राहिलं, आणि आम्हीही कधी त्याला हात लावला नाही.

बाबा वारले. त्यांचे दिवस झाल्यावर, पाहुणे गेल्यावर, मी ती कॅसेट लावली आणि समोर कोणी नसताना दोन्ही बटणं फिरवली. बाबांची पाळी आली. त्या रात्री ते फार सुंदर गायले होते.